चरोटा, लाल भाजी आणि बोहार

"मेरा लड़का चरोटा? आप ही बताइए मास्टरजी, मेरा लड़का चरोटा है?"

सातवीच्या दारात उभे राहून भैय्यालाल गुप्ता ओरडत होते आणि आत खडू हातात धरून उभ्या असलेल्या देवीदास गजभिये सरांना काही केल्या कळत नव्हतं, की या माणसाचं नेमकं दुखतंय कुठं. भैय्यालाल म्हणजे रायपूरच्या गुढियारीतले गुळाचे ठोक व्यापारी, शाळेच्या कमिटीवरचे सदस्य. त्यांचा पियुष वर्गात पहिला. सरांनी त्याला सगळ्यात हुशार पोरांच्या गटात बसवलं होतं आणि त्या गटाचं नाव होतं चरोटा. आता यात छाती पिटण्यासारखं काय होतं?

"भैयाजी, भाजी का नाम है। विटामिन होता है उसमें," सर म्हणाले.

"हमको भाजी मत सिखाइए! मेरा लड़का चरोटा, और ये बोहार?" भैय्यालालांनी खिडकीजवळच्या सात पोरांकडे बोट केलं. "ये? सोमवार तक नाम बदल दीजिए, नहीं तो मैं कमिटी बैठाता हूँ।"

ते गेले. खिडकीजवळची सातही पोरं आपापल्या पुस्तकात अशी डोकं घालून बसली, की जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. सरांनी फळ्याकडे पाहिलं. चरोटा, लाल भाजी, बोहार. तिन्ही नावं सुवाच्य अक्षरात होती.

खरं सांगायचं तर ही भानगड सरांनी हौसेनं अंगावर घेतलीच नव्हती. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावात जो तो राजधानीचा झाला. न्हाव्याचं दुकान राजधानी, पानाचा ठेला राजधानी, पंक्चरवालाही राजधानी. मग शाळांनी काय घोडं मारलं होतं? त्यांच्या वाट्याला ट्रेनिंगं आली. जानेवारीत दिल्लीहून एक चुणचुणीत मॅडम आली आणि तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, सगळ्या पोरांना एकाच काठीनं हाकू नका. धडा तोच ठेवा, पण ज्याला जसा झेपेल तसा द्या. आणि दुसरी, वाचायला शिकवणं हे काही फक्त भाषेच्या मास्तरांचं काम नाही. विज्ञानाचं पान कसं वाचायचं ते विज्ञानाच्याच मास्तरानं शिकवलं पाहिजे.

पहिली गोष्ट सरांनी सोडून दिली. दुसरीनं मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"म्हंजे हिंदीचं काम बी आमीच कराचं? मंग हिंदीवाले का निस्ता चाय पिऊन राहतीन?" असं ते शेजारी बसलेल्या कौमुदीबाईंना म्हणाले. कौमुदीबाई हिंदी शिकवायच्या आणि त्या वेळी चहाच पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला नाही, पण पुढचे दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत.

सरांची पद्धत साधी होती. धडा काढायचा, पियुषला उभं करायचं. तो खडाखडा वाचायचा, बाकीचे ऐकायचे, सर प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे. घंटा झाली की विज्ञान संपलं. ट्रेनिंगचं चोपडं त्यांनी कपाटात फेकलं होतं आणि ते तिथंच राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात हेडमास्तर अनंतराव घाटे यांनी त्यांना बोलावून घेतलं.

अनंतराव ब्राह्मणपाऱ्यातले, शिस्तीचे, आणि निकालाच्या बाबतीत अगदी वेडे. "गजभिये," ते म्हणाले, "आठवीला बोर्ड आहे. तुमच्या वर्गातली ही सात पोरं बोर्डाला बसली की आपला शंभर टक्के निकाल गेला खड्ड्यात. त्यांना वाचताच येत नाही. एप्रिलमध्ये टीसी हातात देऊन मोकळा होतो."

सात पोरं म्हणजे कोण, तर उरला या कारखानदारी भागातल्या मजुरांची आणि मालधक्क्यावरच्या हमालांची. एकदा टीसी हातात आली की त्यातलं एकही पोर दुसऱ्या शाळेचं दार चढणार नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यातली पिंकी रामटेके तर त्यांच्या चांगल्या ओळखीची. तिचे वडील भंडाऱ्याकडचे, रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होते. शाळा सुटली की पिंकीनं घरी बसून धाकट्याला सांभाळायचं, असं तिच्या आईनं ठरवूनच टाकलं होतं. सरांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की त्यांची जीभ सुटायची.

"होळीपर्यंत द्या मले, सर. होळी झाली की इज्ञानाचं पान वाचून अर्थ सांगतीन. नाही सांगतला तं द्या टीसी."

"कोण सांगणार? तुम्ही निवडाल एखादा!"

"तुमीच निवडा. कोनालेबी उभं करा."

"ठीक. एकालाच उभं करीन. तो अडला की सातही गेले."

झालं. बोलून तर बसले. मग कपाटातलं चोपडं बाहेर निघालं. सरांनी उष्णतेचा धडा पुठ्ठ्यांवर तीन तऱ्हांनी लिहिला: एक जड, एक मध्यम आणि एक सोपा. सात पोरांना त्यांनी सांगितलं, आधी वाचायचंच नाही. आधी चित्र बघा. मग ठळक शब्द बघा. मग सांगा, धड्यात काय लिहिलं असेल? आणि मग वाचून बघा, तुमचं बरोबर निघतं का. पोरांना यात पैज लावल्याची मजा येऊ लागली.

आता गटांना नावं हवी होती. दिल्लीची मॅडम म्हणाली होती, एक-दोन-तीन नको, हुशार-ढ नको, पोरांच्या भोवतालचं काहीतरी घ्या. कुणी फुलं घेतली, कुणी नद्या. सर जेवायला बसले होते. त्यांच्या जेवणाची रीत अशी, की ताटापुढे वर्तमानपत्र उभं करायचं आणि त्यामागे जे काही असेल ते खायचं. वर्तमानपत्रामागूनच त्यांनी बायकोला विचारलं, "वनमाला, तीन भाज्याईचे नावं सांग बरं."

"काहून?"

"शाळेचं काम होय."

वनमाला पोळी लाटत होती. तोंडाला आलं ते बोलली: चरोटा, लाल भाजी, बोहार. सरांनी ते पेपरच्या कडेला लिहून घेतलं. चरोटा त्यांना भारदस्त वाटलं, ते हुशारांना दिलं. बोहार जरा बिचारं वाटलं, ते सात पोरांना. जन्म रायपुरात गेला, पण हा माणूस कधी भाजीबाजारात गेला नव्हता. हिरवं असलं की भाजी, आणि पिवळं असलं की वरण, एवढंच त्याचं पाककलेचं ज्ञान.

आणि काय आश्चर्य! सात पोरं बदलली. मागच्या बाकावरून उठून खिडकीजवळ पुढं येऊन बसली. मधल्या सुट्टीत "हमन बोहार हन", आम्ही बोहार आहोत, म्हणत ऐटीत फिरायला लागली. पुठ्ठे घरी न्यायला मागायला लागली. सर तर हवेतच होते. कौमुदीबाईंना ते रोज सांगायचे, "पद्धत काम करून राहिली, बाई." कौमुदीबाई म्हणायच्या, "हो, दिसून राहिलं." आणि चहा प्यायच्या.

भैय्यालाल ओरडून गेले त्या शनिवारी संध्याकाळी घरी येऊन सरांनी तो तमाशा सांगितला तेव्हा वनमाला हातातलं लाटणं टाकून खालीच बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अवो, चरोटा कोनी इकत तरी घेते का? पावसाळ्यात नालीच्या काठानं उगवते तो. ढोरं बी खात नाहीत!"

"पापा, फ्री में मिलता है," यशदीप म्हणाला. त्यांचा मुलगा मराठी सगळी समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा. "गुप्ताजी के लड़के को चरोटा बोल दिया आपने?"

"अन् बोहार?" सरांनी घाबरत विचारलं.

"बोहार म्हंजे सगळ्याईची रानी! होळीच्या आगंमागंच येते. झाडावर चढून कवळ्या कळ्या तोडा लागते. भावात मटनाशी भांडते ते. गरिबाच्या घरी सालातून एकडाव शिजली तं शिजली."

"मंग तू मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी नावं इचारली, भाव कुठं इचारला?" वनमाला म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

सरांना मात्र हसू आलं नाही. आता त्यांना सगळं उमगलं. पद्धतबिद्धत काही नव्हती. त्या पोरांना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला सगळ्यात वरचं मानलं, म्हणून ती वाचत होती. आणि होळी तर झाली होती, सोमवारीच हेडमास्तर पान वाचायला उभं करणार होते; त्याआधी त्यांना सांगायचं, की बाळांनो, चूक झाली, तुम्ही चरोटाच? रविवारचा पेपर त्यांनी उघडलाच नाही. वनमालानं ताटात काय वाढलं होतं, ते मात्र त्या दिवशीही त्यांनी पाहिलं नाही.

सोमवारी अनंतराव वर्गात आले ते भैय्यालालांना बरोबर घेऊनच.

"गजभिये, आधी ती नावं बदला. वाचनाचं मग बघू."

आजवर अनंतरावांच्या हुकमाला सरांनी कधी थेट नकार दिला नव्हता. शाळेत तेवढ्याचसाठी त्यांची ख्याती होती. "नाही सर," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले. मग भैय्यालालांकडे वळून त्यांनी एका दमात बोलून टाकलं, "भैयाजी, नाम गलती से नहीं दिया। बोहार सबसे महँगी भाजी है, मुझे मालूम है। सोच-समझकर दिया है इनको।"

इतकं धादांत खोटं सर जन्मात बोलले नव्हते. खिडकीजवळ पिंकीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

अनंतरावांनी दोघांकडेही दुर्लक्ष केलं आणि वर्गावरून नजर फिरवली. जिनं आजवर वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं, नेमकी तीच त्यांना दिसली. "ए मुली, ऊठ. काय नाव? पिंकी? घे." त्यांनी पुठ्ठा घेतलाच नाही. सरळ पुस्तक घेतलं आणि त्यातलं न शिकवलेलं पान काढून दिलं.

पिंकीनं पुस्तक हातात धरलं आणि गप्प उभी राहिली. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"पढ़ती क्यों नहीं?" भैय्यालाल म्हणाले.

"पढ़ रही है," सर म्हणाले. "पहले चित्र पढ़ते हैं।"

मग पिंकीनं बोट ठेवलं आणि सुरू झाली. शब्द एकेक करून येत होते. "वि-कि-रण में... ऊष्मा को... किसी माध्यम की..." इथं ती अडली. मागे गेली, पुन्हा वाचलं, पुन्हा अडली. अनंतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. सरांनी खडू इतका दाबला की त्याचे दोन तुकडे झाले. पिंकीनं परत चित्राकडे पाहिलं: शेकोटी, हात शेकणारा माणूस, मधे बाण. "...माध्यम की आवश्यकता नहीं होती।"

"अर्थ?"

"मतलब, बीच में कुछ न रहे तब भी गरमी आ जाती है। मेरे बाबा भट्ठी को छूते थोड़ी हैं सर, फिर भी सामने से भुंज जाते हैं। पीठ में उतना नहीं लगता।"

"बात तो सही बोली," भैय्यालाल एकदम म्हणाले, आणि आपण कुणाच्या बाजूनं आलो होतो ते आठवून खोकले.

अनंतरावांनी पुस्तक मिटलं. चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. सातही जण आठवीत जातील," ते म्हणाले. "पण गजभिये, निकाल बिघडला तर तुमची टीसी काढीन."

"तो अब पियुष को बोहार में डालिए," भैय्यालाल म्हणाले. त्यांना निदान काहीतरी घेऊन घरी जायचं होतं.

पियुष घाईघाईनं उठला. "नहीं पापा! उधर मतलब भी बताना पड़ता है।"

सगळा वर्ग हसला. अनंतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतः डस्टर घेतलं आणि फळ्यावरची तिन्ही नावं पुसून टाकली. "भाज्या बंद. उद्यापासून अ, ब, क." बोहार सगळ्यात शेवटी पुसलं गेलं. सरांना ते बघवलं नाही, म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

शाळा सुटल्यावर सर सायकलचं कुलूप काढत होते. पिंकी येऊन उभी राहिली. अनंतराव व्हरांड्यातच होते आणि भैय्यालालांची गाडी अजून फाटकात होती. पिंकीनं तिकडे एकदा पाहिलं. सरांशी कायम हिंदीत बोलणारी ती पोट्टी हळूच मराठीत बोलली.

"सर, तुमाले मालूम नोहतं ना, बोहार महाग असते म्हनून?"

सरांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "कोनं सांगतलं तुले?"

"कोनी नाही. आमाले पहिल्याच दिवशी समजलं. आमी सातही जनं सगळ्यात मागचे, अन् नाव बोहार? सर चुकले, असं आमी बोललो आपसात. मंग ठरवलं, सरले सांगाचं नाही." तिनं दप्तर सावरलं. "तुमाले समजलं असतं तं नाव बदलून टाकलं असतं ना. म्हनून समजाच्या आधी घाईघाईनं वाचाले शिकलो."

सर सायकलची घंटी बाहीनं पुसू लागले.

"आता पुसलं तरी चालते, सर," पिंकी म्हणाली, आणि फाटकाकडे पळाली. तिथं बाकीचे सहा जण तिची वाट पाहत थांबले होते.

त्या संध्याकाळी सर जेवायला बसले. वनमालानं ताट वाढलं, शेजारी सवयीनं वर्तमानपत्र ठेवलं आणि ती पोळी लाटायला वळली. सरांनी पेपर उचलला, घडी घातली आणि पाटाखाली सारला. मग त्यांनी ताटात पाहिलं.

"वनमाला," ते म्हणाले, "हे कोनती भाजी होय?"

लाटणं थांबलं. "काहून?"

"काही नाही. नाव सांग," सर म्हणाले. "अन् भाव बी सांग."