मोतीलाल मिस्त्रींचा वाकडा रंधा

असोद्याच्या जीवराम मिस्त्रींना धुळ्याचा जुना बाजार आता तोंडपाठ झाला होता. कोणत्या पोत्यावर गंजके नटबोल्ट, कोणत्या पोत्यावर बिनदांड्याच्या कुऱ्हाडी, डोळे मिटून सांगतील. जळगाव, चोपडा, धुळे, वर्षभर एकेक बाजार पालथा घातला होता त्यांनी. शोधायचा होता फक्त एक रंधा, त्यांच्या वडिलांचा.

वडील, मोतीलाल मिस्त्री, होते डावरे. बाजारचा रंधा डाव्या हाताला टोचतो म्हणून त्यांनी बाभळीच्या लाकडाचा स्वतःच एक बनवला. मुठीवर अंगठ्यासाठी खोबण केली, ती नेहमीच्या उलट बाजूला. जीवराम मात्र उजवे. वडिलांनी हौसेने रंधा हातात दिला, की यांच्या तळहाताला फोड आलाच म्हणून समजा. "रंधाच वाकडा आहे," असं हे म्हणायचे. वडील गेल्यावर एक दिवस तिरीमिरीत तो भंगारवाल्याला विकून मोकळे झाले, आणि घरात सांगितलं की चोरीला गेला. वीस वर्षं तीच थाप. घरच्यांनी चोराला शिव्या घातल्या, तर यांनीही दोन घातल्या. काय म्हणावं आता या माणसाला.

आणि आता शोधाशोध कशासाठी, तर मोहिनीसाठी. त्यांची ही एकुलती मुलगी थेट आजोबांवर गेलेली. लहानपणी डाव्या हाताने जेवते म्हणून यांनी तिच्या हातावर किती फटके दिले, पण पोरीने हात काही बदलला नाही. आता सत्ताविसाव्या वर्षी ती स्वतःचं फर्निचरचं दुकान चालवते. मशीन पोचत नाही तिथे उजव्या माणसांचा रंधा तिरका धरून ढकलते आणि संध्याकाळी मनगट चोळत बसते. ते पाहिलं की जीवरामांना घास गोड लागत नसे.

त्या दिवशी मोहिनीही सोबत आली होती. तिला लाकूड कोरायला जुन्या पोलादाच्या पटाश्या हव्या होत्या, म्हणून ती पलीकडच्या पोत्याशी थांबली. जीवराम पुढे सरकले, आणि सुपडू नावाच्या म्हाताऱ्या विक्रेत्याच्या पोत्यावर, दोन इस्त्र्यांच्या मधोमध, तो दिसला. मागच्या बाजूला वडिलांनी तापल्या खिळ्याने काढलेला 'मो' तसाच होता.

"हा आमचा रंधा," ते बोलून गेले. "वीस वर्षांपूर्वी आमच्या घरातून चोरीला गेलेला."

जिभेला सवय झालेली, दुसरं काय. सुपडूने रंधा उचलून मांडीवर घेतला.

"म्हंजे मी चोरीना माल इकस? बठ्ठा बाजार माले वळखस, भाऊ. जा, तुम्हले हाऊ रंधा देणं नही."

जीवरामांनी हात जोडले, सांगाल ती किंमत देतो म्हणाले. सुपडूने मान फिरवली. तेवढ्यात मोहिनी आली.

"काय झालं, नाना?"

"तुना बाप माले चोर म्हनस," सुपडूने परस्पर सांगून टाकलं.

जीवरामांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या डाव्या मनगटाला आजही पट्टी बांधलेली होती. आता खोटं धरून बसावं तर रंधा जातो, आणि खरं सांगावं तर लेकीसमोर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"चोरी झालीच नव्हती," ते म्हणाले. त्यांचे कान तापले होते. "मीच विकला होता. माझ्या हाताला जमेना, तो राग त्याच्यावर काढला. घरात खोटं सांगितलं, आणि आत्ता तुम्हालाही. चुकलो, सुपडूभाऊ."

मोहिनी म्हणाली, "त्या चोराचा हात मोडू दे म्हणून मी तेव्हा मारुतीला साकडं घातलं होतं, नाना. रोज जाऊन."

"अगं बाई."

"बरं झालं त्याने ऐकलं नाही," ती म्हणाली आणि खुदकन हसली. तिचं हसू पाहून सुपडूलाही राहवेना.

"ले माय," म्हणत त्याने रंधा तिच्यापुढे धरला आणि फळीचा एक तुकडा ठेवला.

मोहिनीने डाव्या हाताने मूठ धरली. अंगठा खोबणीत जाऊन बसला. एकदाच ढकलला, तर फळीवरून लांबच लांब पातळ ढलपी निघाली. सुपडूने पातं घासून ठेवलेलं होतं.

"घ्या, तुम्ही बघा," तिने रंधा वडिलांना दिला.

जीवरामांनी उजव्या हाताने धरला आणि रेटला. तो अर्ध्यातच अडकला, आणि तळहाताला त्याच जुन्या जागी टोचलं.

"वाकडा आहे ना?" मोहिनीने चिडवलं.

"नाही गं," जीवराम म्हणाले. "रंधा सरळच आहे. मलाच जमत नाही." आणि ज्या हातावर त्यांनी फटके दिले होते, त्याच हातात तो ठेवला.