एकसष्टावी पसंती

मी कागदाची एक पट्टी बोलतेय. बोटभर रुंद, वीतभर लांब. माझ्यावर लिहिलंय, 'मत्स्यविज्ञान, बंदर अब्बास', आणि खाली एक कोड क्रमांक. मला कोणी काही विचारत नाही, म्हणून आपणहूनच सांगते.

माझा जन्म इराणातल्या काशानमध्ये, भर उन्हाळ्यात, माहरुखच्या कात्रीतून झाला. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. एकेका पट्टीवर एकेक अभ्यासक्रम लिहायचा, सगळ्या पट्ट्या गालिच्यावर मांडायच्या आणि घरच्यांनी गुडघे टेकून त्या वरखाली सरकवायच्या. मग तोच पसंतीक्रम संगणकावर भरायचा. आम्ही एकसष्ट जणी होतो. आम्ही उडू नये म्हणून चार दिवस कूलर बंद ठेवला होता. बाहेर त्रेचाळीस अंश. माणसांचं काय, ती कुठे उडून जातात?

सगळ्यात वर तेहरानचं वैद्यकीय होतं. माहरुखचा क्रमांक बघता तिथे तिला कोणी दारातही उभं केलं नसतं. पण शेजारच्या बाई विचारणार, "पहिलं काय लिहिलंस गं?" त्यांच्यासाठी ती पट्टी. तिच्याखालच्याही बहुतेक अशाच, लोकांना सांगायला.

सल्ला द्यायला मामा आले होते. "खात्रीचं असेल ते वर ठेवा," ते म्हणाले. "देव काय नि संगणक काय, दोघांनाही नम्रता आवडते." याच सल्ल्यावर चालून मामांचा स्वतःचा मुलगा तीन वर्षं नको त्या कॉलेजात बसलाय, पण मामांचा आवाज खणखणीत.

"अहो मामा, तसं नसतं," माहरुख म्हणाली. "यंत्र वरून वाचत येतं. जिथे जागा मिळते तिथेच थांबतं, खालचं वाचतही नाही. म्हणून मनापासून हवं ते आधी."

"मग मनापासून काय हवंय?"

तिने माझ्यावर बोट ठेवलं.

"मासे?" बाबा ओरडले. बाबा म्हणजे नेमतअली, बाजारात चष्म्याचं दुकान आहे त्यांचं. "गावात धड ओढा नाही आणि तुला मासे?"

आता हे त्यांना नवीन नव्हतं. नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, काचेच्या भांड्यात मांडलेले लाल मासे सगळ्यांकडे तेरा दिवसांत मरतात. हिचा चौथं वर्ष जगतोय. गल्लीतले लोक आपले आजारी मासे हिच्याकडे आणून देतात आणि बरे झाले की न्यायला विसरतात.

"बंदर अब्बासला बसने एक दिवस नि एक रात्र लागते," बाबा म्हणाले. "इथे काशानात नर्सिंग आहे. दुपारी जेवायला घरी येशील."

"रक्त बघून तिला चक्कर येते," आई कलिंगड कापता कापता म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

मामांनी गेल्या वर्षीचे तक्ते चाळले. "खरं सांगू? एकसष्टातल्या दोनच मिळण्यासारख्या आहेत. काशानचं नर्सिंग, आणि ही माशांची."

झालं! नर्सिंग तेविसावं ठेवलं, आणि मला सगळ्यात शेवटी. म्हणजे यंत्र तेविसावर थांबणार आणि माझ्यापर्यंत पोचणारच नाही. मला फार वाईट वाटलं.

"चालेल ना गं?" बाबांनी विचारलं.

"हरकत नाही, बाबा."

"नक्की?"

"हरकत नाही."

"अगदी खरं सांग."

"हरकत नाही म्हटलं ना," असं म्हणून ती खाली बघत पट्ट्या सरळ करू लागली. सरळच होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा कलिंगड खाऊन आडवे झाले होते. माहरुख संगणकाशी बसली आणि बाबा एकेक पट्टी उचलून कोड वाचू लागले. बाविसावी वाचून झाली. तेविसावी हातात घेतली आणि थांबले.

"बाबा, पुढचा?"

आमच्याकडे भुकेला पाहुणासुद्धा ताट पुढे केलं की तीनदा 'नको' म्हणतो. पोरीने तीनदा 'हरकत नाही' म्हटलं होतं. बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग नर्सिंगची पट्टी सदऱ्याच्या खिशात घातली आणि चोविसाव्या पट्टीचा कोड वाचला. शेवटी मला वाचून त्याच खिशात ठेवलं. आत काळीज नुसतं धडधडत होतं.

निकाल लागला. मत्स्यविज्ञान, बंदर अब्बास. सगळ्यांत मोठ्याने बाबाच ओरडले. "मेल्या यंत्राला अक्कल म्हणून नाही! आता पोरगी जाणार एवढ्या लांब!"

माहरुख पडद्याकडे बघत होती. "बाबा, इथे साठावी पसंती लिहिलंय. माझी तर एकसष्टावी होती."

"मोजायला चुकली असशील. गणितात तू कधी हुशार होतीस?"

ती उठून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, हसली, परत रडली. बाबा म्हणाले, "पुरे, सदरा भिजतोय."

आता दोन वर्षं झाली. मी आणि नर्सिंग, दोघी दुकानातल्या गल्ल्यामागच्या खणात असतो. कोणी विचारलं, "मुलगी काय करते?" की बाबा उसासा टाकतात. "काय सांगू साहेब, यंत्राने घोटाळा केला. समुद्रावर नेऊन टाकली पोरीला." गिऱ्हाईक गेलं की खण उघडून आमच्याकडे बघतात आणि चष्मा पुसतात, आपलाच.

तुम्ही कधी काशानात चष्मा करायला गेलात, तर ते तुम्हालाही हेच सांगतील. माझं एवढं एकच मागणं आहे. मान डोलवा, आणि म्हणा, "खरंच हो, यंत्राचा काही भरवसा नाही."