सालानंतरचा पूर्णविराम

माझ्या वडिलांना पूर्णविरामाचं वेड आहे. स्वल्पविराम म्हणजे त्यांना चालढकल वाटते आणि उद्गारचिन्ह म्हणजे निव्वळ आगाऊपणा. पूर्णविराम दिला की माणूस थांबतो, श्वास घेतो, आपण काय बोललो याचा विचार करतो, असं त्यांचं म्हणणं. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी लेथवर काढली आणि विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीतल्या विहाराचं चिटणीसपद त्याहून जास्त काळ सांभाळलं. इतिवृत्तात साल आलं की त्याच्यापुढे ठसठशीत टिंब पडलंच म्हणून समजा. शाळेत असताना मी निबंधात तसंच लिहिलं आणि बाईंनी लाल शाईनं खूण केली, तर पप्पांनी मलाच समजावलं, "सालानंतर थांबायचं असतं, पायल. एवढं मोठं साल, त्याच्या अंगावर धावून जायचं नाही."

तर २००८ साली बुद्धपौर्णिमेला विहाराची स्मरणिका काढायची ठरली आणि ती लिहायला अर्थातच नरेंद्र चिटणीस, म्हणजे आमचे पप्पा. टाइप करायला मी. मी तेव्हा उल्हासनगरला मोटवानी शेठच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायचे. चि. आणि चि. सौ. कां. यांच्यात माझं तारुण्य चाललं होतं, तेव्हा इतिहास टाइप करायला मी आनंदानं हो म्हटलं.

अडचण एकच होती. प्रेसवाल्याला वर्डमध्ये उघडेल अशी फाइल हवी होती आणि माझा आतेभाऊ राजरत्न विहाराची वेबसाइट करत होता, त्याला एचटीएमएल हवं होतं. एकाच मजकुराची दोन रूपं. पप्पा रोज दुरुस्त्या सांगणार आणि मी त्या दोन्हीकडे करत बसणार, म्हणजे आगीतून फुफाट्यात. राजरत्न ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यानं एका रविवारी येऊन आमच्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर एक छोटासा प्रोग्राम टाकून दिला.

"सिंपल आहे गं," तो म्हणाला. "साध्या फाइलमध्ये लिहायचं. जाड अक्षर पाहिजे तिथं आजूबाजूला दोन-दोन चांदण्या. मग ही काळी खिडकी उघड, फाइलचं नाव टाक, कशात पाहिजे ते सांग, एंटर मार. बस्स. एकदा लिही, पाहिजे त्यात काढ."

पप्पा खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. काळ्या खिडकीत एक ओळ पडली, कर्सर लुकलुकला आणि फोल्डरमध्ये नवी फाइल हजर झाली. पप्पा खूश झाले. "म्हणजे हा दुभाष्या आहे," ते म्हणाले. "इकडचं ऐकतो, तिकडं सांगतो. पदरचं काही घालत नाही ना?"

"नाय मामा. जसं दिलं तसं."

तेव्हापासून घरात त्या प्रोग्रामचं नाव दुभाष्या पडलं.

राजरत्नची आई, चांगुणाआत्या, त्याच्याबरोबर बदलापूरहून आली होती आणि स्मरणिका होईपर्यंत राहणार होती. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. त्यांची आई, विठा, पप्पा तीन वर्षांचे असताना वारली. मग त्यांना आत्यानंच वाढवलं. पप्पांना आईचा चेहरा आठवत नाही. फोटो नाहीच.

पुढच्या रविवारी दुपारी पप्पांनी हस्तलिखितातली विहाराची वाटचाल मोठ्यानं वाचून दाखवली. आत्या सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"एकोणीसशे छप्पन्न. धम्मदीक्षा." श्वास. "एकोणीसशे बासष्ट. घरटी एक मूठ तांदूळ गोळा करण्यास सुरुवात."

आत्याचा हात थांबला. "सुरुवात? कोणी केली सुरुवात?"

"मंडळानं. ठराव आहे, आक्का."

"ठरावाच्या आधी भूक नव्हती काय रं? मूठ आईनं सुरू केली. एकोणपन्नास साली, निर्वासितांच्या कॅम्पाच्या विटा वाहायला आलो तवा. रुळाच्या कडंला झोपड्या होत्या आपल्या. ज्या घरी काम नाय, बाई बाळंत झाली, त्या घरी आईच्या डब्यातनं तांदूळ जायचा. आई गेली तरी बायांनी मूठ चालू ठेवली. तुमच्या मंडळानं नुसती पावती छापली."

पप्पांनी चष्मा काढून पुसला. पप्पांचा चष्मा कधीच मळलेला नसतो. उत्तर टाळायचं असलं की ते तो पुसतात. "आक्का, आपली सुरुवात छप्पन्नपासून. त्याच्या आधीचं लिहायचं नाही, हे मंडळाचं ठरलंय. आणि आई... ती देवीची परडी घेऊन दारोदार जायची. परडी जवळ ठेवूनच गेली. दीक्षा घेतली तेव्हा आपण ते सगळं नदीत सोडलं."

"परडी सोडली नदीत," आत्या म्हणाली. "आईला नाय सोडली."

मला पप्पांचा असा राग आला की सांगता सोय नाही. सबंध चाळीला समता शिकवणारा हा माणूस स्वतःच्या आईला दाराबाहेर उभी करत होता. मी तसं बोलूनही दाखवलं. पप्पा म्हणाले, "तू टाइप कर." मग घरात नेहमीप्रमाणे चहा झाला आणि आत्यानं उरलेले तांदूळ निवडले. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती मला म्हणाली, "पायल, मी आता पंचाहत्तरीला टेकले. माझ्या मागं तिचं नाव घेणारं कोण हाय? ह्याला तर ती आठवत बी नाय. पुस्तकात आली नाय, तर आई झालीच नाय असं व्हईल बघ."

वाटचाल मी दोन दिवसांत टाइप केली. पप्पांच्या हस्तलिखितात होतं तस्संच: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला साल, पुढे टिंब. आकडे मी इंग्रजीच ठेवले, त्यांच्यासाठी कळ शोधावी लागत नाही. दुभाष्याला हुकूम सोडला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दुकानातल्या प्रिंटरवर छापून संध्याकाळी घरी आणली. न बघता आणली. मोटवानी शेठ "जल्दी कर, अर्जंट पत्रिका आहे" म्हणून डोक्यावर बसले होते.

पप्पांनी कागद हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"सालं कुठं गेली?"

कागदावर एकही साल नव्हतं. होतं ते असं: 1. धम्मदीक्षा. 2. घरटी एक मूठ तांदूळ गोळा करण्यास सुरुवात. 3. विहाराच्या भिंती पूर्ण. 4. वाचनालय. असं करत 7. बालवाडी.

"आमच्या एवढ्या वर्षांची यानं किराणामालाची यादी केली!" पप्पा म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांच्या बोलण्यात आलेलं हे पहिलं उद्गारचिन्ह. "राजरत्न म्हणाला होता, पदरचं काही घालत नाही. हा तर आमच्या पदरचं खातोय."

मला हसू आवरेना, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. तेवढ्यात आत्यानं कागद मागितला. आत्या प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली, त्यामुळे ती बोट ठेवून, एकेक अक्षर सोडवत वाचते. तिनं पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"एक," ती म्हणाली. "दीक्षा." मग बोट वर, कागदाच्या कोऱ्या भागात नेलं आणि तिथंच ठेवलं. "नरेंदर, दीक्षा एक, तर आई काय शून्य?"

तिनं भांडायला विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, हिशेब न कळल्यासारखं. पप्पांनी चष्मा पुसायला काढला, पण तो तसाच हातात राहिला. मग ते उठले आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मी राजरत्नला फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "अगं, ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि पुढं टिंब, म्हणजे त्याला वाटतं तू यादी करतेयस. मग तू एक लिही नाय तर एकोणीसशे छप्पन्न लिही, तो आपला एकपासून मोजत सुटतो. पण सालानंतर फुलस्टॉप देतं कोण यार?"

"तुझे मामा."

"मग काढून टाक ना तो."

"तू सांग त्यांना."

"नको बाबा," तो घाईनं म्हणाला. "एक काम कर. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ दे. म्हणजे त्याला कळतं, हे टिंब मोजायचं नाही. नुसतं थांबायचंय."

मी फाइल उघडली. रेघा द्यायला कितीसा वेळ लागतो? पण माझं डोकं अजून तापलेलं होतं आणि आत्याचं ते कोऱ्या कागदावरचं बोट डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. रेघ एकही न देता मी सगळ्यात वर एक ओळ घातली: "1949. विठा हिने घरटी एक मूठ तांदूळ गोळा करण्यास सुरुवात केली." खालच्या बासष्ट सालच्या ओळीत 'सुरुवात' खोडून लिहिलं, 'मूठ मंडळाकडे आली'. दुभाष्याला वेबसाइटची फाइल काढायला सांगितली, ती पडद्यावर उघडली आणि पप्पांना हाक मारली.

ते आले. आत्याही त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

पडद्यावर होतं: 1. विठा हिने... 2. धम्मदीक्षा. खाली 8 पर्यंत सगळं नीट ओळीत.

"बाकीचे आकडे तू बदललेस?" पप्पांनी विचारलं.

"नाही. मी फक्त वर एक ओळ घातली. बाकीचे आपापले एकेक घर खाली सरकले."

"कोणी पडलं नाही यादीतून?"

"नाही पप्पा. कोणीच नाही."

ते खुर्चीवर बसले. बराच वेळ त्या एकच्या आकड्याकडे बघत राहिले. छप्पन्न दोनवर गेलं म्हणून आता भाषण होणार, असं मी धरून चालले होते आणि माझी उत्तरंही तयार होती. पण ते मान न वळवता म्हणाले, "आक्का, डबा कसला होता गं?"

मी जन्मल्यापासून पप्पांनी आपल्या आईबद्दल काही विचारल्याचं ऐकलं नव्हतं. आत्या माझ्या पलंगाच्या कडेला टेकली.

"वनस्पती तुपाचा. त्याच्यावर झाड होतं हिरवं. तू रडायला लागलास की आई तुला ते झाड दाखवायची. तुला झाड म्हनता यायचं नाय, 'झा, झा' करायचास. मग आई म्हनायची, सोम्याला झा दे. सोमवारचा जन्म ना तुझा. तिनं सोमाच ठेवलं होतं नाव. नरेंदर तर मास्तरांनी शाळेत घातलं, दीक्षेनंतर."

पप्पांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांच्या नाकावर चष्मासुद्धा नव्हता. मला त्यांचा आलेला सगळा राग कुठल्या कुठे गेला. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्याजवळ आईचं म्हणून आता एक हिरवं झाड आलं होतं.

जरा वेळानं त्यांनी घसा साफ केला आणि ते पुन्हा चिटणीस झाले. "'हिने' काढ," ते म्हणाले. "'विठा यांनी' लिही."

"आईला कुनी अहो-जाहो करतं व्हय?" आत्या म्हणाली.

"घरात नाही करत. आता ती चाळीची आहे." मग माझ्याकडे वळून, "सालं सगळी परत घाल. क्रम आहे तसा राहू दे. मंडळाला काय सांगायचं ते मी बघतो."

"आणि टिंब?"

"टिंबाला काय झालंय?"

मी प्रत्येक सालापुढे, टिंबाच्या आधी, एक उलटी तिरकी रेघ दिली. काळ्या खिडकीत तीच ओळ पुन्हा टाकली. दुभाष्यानं या वेळी निमूटपणे सालं सालं म्हणून ठेवली आणि टिंबं टिंबं म्हणून. रेघ कुठेच दिसत नव्हती.

बुद्धपौर्णिमेला विहार भरून गेला होता. वाटचाल वाचायला पप्पाच उभे राहिले, पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात नवी कोरी स्मरणिका. आत्या पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी.

"एकोणीसशे एकोणपन्नास," पप्पांनी वाचलं आणि नियमाप्रमाणे थांबले. आम्ही वाट बघितली. ते थांबलेलेच. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. मंडळाचे अध्यक्ष माइककडे बघू लागले, त्यांना वाटलं वीज गेली. पप्पांचे ओठ हलत होते, पण त्या टिंबाच्या पलीकडे त्यांना जाता येत नव्हतं.

तेव्हा आत्या बसल्या जागेवरून, भरल्या विहारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाच की रं, सोमा."

"वाचतो, आक्का," पप्पा म्हणाले आणि त्यांनी वाचलं, "विठा यांनी."