आत्याच्या दारातली ठिपक्यांची पानं

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी सगळं ऐक. पानांशी बोलणारे ते महाराज, त्या पानबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टेकडीवर ती रानटी तीनपानी उगवते ना, तिची कुंडी त्याने बाहेर आणली. महिन्यापूर्वी आत नेली तेव्हा पानं पांढुरक्या ठिपक्यांनी भरलेली, आता सगळी हिरवीगार. बाबाने पान कानाला लावलं. "म्हणतंय, माझ्यावर वाईट सावली पडली होती, महाराजांनी काढली." पान इतकं लाघवी बोलतं हे मला नवीनच होतं.

सावली कुणाची, तर माझ्या आत्याची. ती टेकडीवर एकटीच राहते. खाली रस्त्याकडेची तीनपानी स्वच्छ आणि तिच्या दारातली ठिपक्यांची. झालं. तिच्याकडे शिवायला कपडे टाकणंसुद्धा बंद केलं लोकांनी. माझे वडील, तिचा सख्खा भाऊ, म्हणाले, "घर बंद करू, तिला लांब कुठंतरी ठेवू."

मी वर गेले तर आत्या दारातली रोपं उपटत बसलेली. "कुणी आलंच तर दिसायला नकोत गं." आपलीच सावली वाईट, हे तिला स्वतःलाच पटलं होतं.

मग मी आमच्या विज्ञानाच्या बाईंना वर नेलं. त्यांनी पान न्याहाळून एवढंच विचारलं, "बाबा कुंडी ठेवतो कुठे?"

"बंद खोलीत. जपाला."

बाई हसल्या. तिथलीच दोन रोपं त्यांनी जुनी पानं खुडून दोन कुंड्यांत लावली. एक खिडकीबाहेर, दुसरी आत, बंद काचेशी, आत्याच्या उशाशी. मंत्र नाही, काही नाही. नवी पानं फुटून मोठी झाल्यावर दोन्ही कुंड्या बाबाच्या अंगणात. बाहेरची ठिपक्यांनी भरलेली. आत्याच्या उशाशी झोपलेली स्वच्छ.

बाबा म्हणाला, "बाईंनी मनात मंत्र म्हटला."

"मला पाढेच येतात," बाई म्हणाल्या.

कुणीतरी विचारलं, "मग हे करतं कोण?"

"ओझोन."

"तो तर चांगला असतो ना?"

"वर आभाळात. जमिनीलगत पानं जाळतो. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की तयार होतो. रस्त्याकडेला ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो, म्हणून तिथली पानं वाचतात. उरतो तो वाऱ्याबरोबर टेकडीवर. बंद खोलीत फारसा शिरत नाही, म्हणून जुनी पानं गळून तिथे फुटलेली नवी स्वच्छ. धूर आपला, ठिपके तिच्या दारात. तीनपानी दरवर्षी विरळ होतेय, ती काय हिच्या आत्याच्या नजरेने? आधी हवा तपासा, मग माणसाकडे बोट करा."

वडील मान खाली घालून ऐकत होते. घर बंद करायचं ते पुन्हा बोलले नाहीत.

मी पळत वर गेले, आत्याला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, दोन कप काढून पुसले, मग आणखी दोन काढले. खाली वाटेकडे बघत म्हणाली, "म्हणजे आता येतील ना गं लोक?"

अंधार पडेपर्यंत आम्ही दारात बसलो. वाटेवर कुणी नाही. बाबाचं अंगण मात्र रिकामं झालं होतं, वरून दिसत होतं. तिने परत विचारलं.

तू असतीस तर काय सांगितलं असतंस?