पहिल्या रांगेतली

"वळायचं नाही. बस, ठरलं," मास्तर म्हणाले आणि कुणी विरोध करायच्या आत त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

रविवारची सकाळ होती आणि रेडिओवाल्याच्या दुकानात नेहमीची चौघं बसली होती. रेडिओवाला स्वतः काउंटरमागे, एका जुन्या अॅम्प्लिफायरच्या पोटात डोकं घालून. नर्स रात्रपाळी उरकून परस्पर इकडेच आलेली, पांढऱ्या गणवेशात, भिंतीला टेकून. खुर्चीत मास्तर. ते कुठल्या शाळेत शिकवत होते असं मुळीच नाही. समोरच्याचं वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे, म्हणून ते मास्तर. आणि दाराजवळच्या स्टुलावर ती, जिला सगळे 'पहिली' म्हणत.

या चौघांना एकत्र आणणारी गोष्ट एकच होती, तो बँड. गिटार, ड्रम आणि फाटक्या गळ्याचा एक गायक. ही मंडळी तरुण होती तेव्हापासून ऐकत आलेली, आता त्यांचीही डोकी पिकली होती आणि बँडवाल्यांचीही. बँडशिवाय दुसरं बोलणं दुकानात चालत नसे. मास्तरांचा नियमच होता, चपला आणि नोकरी दाराबाहेर. आठवडाभर जो तो पोटापाण्यासाठी मान मोडून काम करतो, निदान इथे तरी त्याची आठवण नको. त्यामुळे नर्सचा गणवेश दिसे म्हणून तिचं काम कळलं होतं, आणि रेडिओवाल्याचं तर दुकानच. बाकी कोण कुठे राबतं याची इतक्या वर्षांत कुणी चौकशी केली नव्हती.

'पहिली' हे नाव मात्र उगाच पडलेलं नव्हतं. बँडच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका उघड्या मैदानावर कार्यक्रम होता. 'पूल' हे गाणं रंगात आलं आणि वीज गेली. गिटार थंड, माइक थंड. गायक तसाच गात राहिला, पण त्याचा आवाज जेमतेम पहिल्या रांगेपर्यंत येत होता. मागून आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा पहिल्या रांगेतली एक सडपातळ मुलगी स्टेजकडे पाठ करून वळली आणि कानावर आलेली ओळ मागच्यांना गाऊन सांगू लागली. मागच्यांनी ती उचलली, तेही वळले आणि त्यांनी त्यांच्या मागच्यांना दिली. ओळ अशी रांगेरांगेने थेट कुंपणापर्यंत गेली. पुढे वीज असतानाही ती रीतच पडली. 'पूल' लागलं की आधी ती वळायची, मग सगळं मैदान. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणाच वाटला असता, पण ज्यांनी तो अनुभवला होता त्यांना तो वेडेपणा हवाहवासा होता.

आता बँडला साबणाच्या एका मोठ्या कंपनीने पुरस्कृत केलं होतं. नवे स्पीकर, नवे दिवे, स्टेजवर कंपनीचं नाव, आणि पहिल्याच कार्यक्रमात जाहिरातीचं चित्रीकरण.

"ड्रमवाल्याच्या कोपराचं ऑपरेशन व्हायचंय," नर्स डोळे मिटूनच म्हणाली. "मी स्वतः पाहिलाय तो हात. कप धरता येत नाही त्याला. पैसे कुठून आणायचे त्यांनी?"

"आणि आपण तरी काय दिलं?" रेडिओवाला अॅम्प्लिफायरमधूनच बोलला. "टाळ्या. टाळ्यांवर घरभाडं भागत नाही."

"घ्यावेत की पैसे. मी कुठे नाही म्हणतोय?" मास्तरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "गाणं त्यांचं आहे, विकावं त्यांनी. पण त्या जाहिरातीत काय दाखवणार आहेत माहितेय? लोक वळतात ते. वळणं आपलं आहे. ते कुणी विकलं? मला तर कुणी विचारायला आलं नाही. पहिली, तुला कुणी विचारलं?"

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. आपण जायचं, पुढे उभं राहायचं, आणि 'पूल' लागलं की तोंड मिटून स्टेजकडे बघत राहायचं. तू वळली नाहीस तर कुणीच वळणार नाही. आणि तो साबणवाला बसू दे हात चोळत."

रेडिओवाला हसला. तीही हसली, पण ते हसू ओठांवरच राहिलं. तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून निघालेली होती. त्याच कंपनीच्या कारखान्यात साबणाच्या भुकटीच्या पुड्या बंद करत तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरबाईंनी पॅकिंगच्या सगळ्या बायकांना कँटीनमध्ये थांबवून घेतलं. टेबलं भिंतीला लावलेली होती. जाहिरातवाला एक तरुण खुर्चीवर उभा राहून समजावत होता की शनिवारी सगळ्यांना अर्धा दिवस सुट्टी, बसने नेणार, पिवळा शर्ट आणि पिवळी टोपी मिळणार, आणि पहिली अख्खी रांग आपलीच असणार. तो हात वर करेल, तीन मोजेल, की सगळ्यांनी एकदम गर्रकन वळायचं आणि हसायचं. गाणं येत नसलं तरी बिघडत नाही, तोंड हलवलं की झालं.

तीन वेळा तालीम झाली. बायका एकमेकींवर आपटल्या, खिदळल्या. तिला ते बघवेना.

"काय गं, हे वळायचं कशासाठी?" शेजारच्या मशिनवरची बडबडी तिच्या कानाशी लागली. तिचं तोंड दिवसभर चालू असे, म्हणून ती बडबडी. "गाणारा पुढे, आणि आपण त्याला पाठ दाखवायची? रागावला तर?"

"मागच्यांना ऐकू जात नाही, म्हणून वळायचं," ती म्हणाली. "आपल्याला मिळालं ते मागे द्यायचं."

"असं होय. मग तो तीन कशाला मोजतोय?"

सुट्टी संपल्यावर ती सुपरवायझरबाईंकडे गेली आणि शनिवारी जमणार नाही, घरी काम आहे, असं खाली बघून म्हणाली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"नाही म्हणणाऱ्यांची नावं वर मागितलीयत. तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात नवं व्हायचंय ना? कशाला नसती आफत ओढवून घेतेस? जा, दोन तास उभी राहा आणि घरी जा."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बसच्या आगारात इंजिनं धुवायचा. बँडला तो 'तुझा धडाडधूम' म्हणे, पण तिचं तिकीट काढायला भर उन्हात रांगेत उभाही तोच राहायचा.

"शर्टच घालायचाय ना?" तो हात पुसत म्हणाला. "इतकी वर्षं एप्रन घालतेस, त्यावर कुणाचं नाव आहे?"

"अहो, ती लोकं माझी आहेत. ती मला त्या शर्टात बघतील."

"मग आधीच सांगून टाक."

"कसं सांगू? त्या कंपनीला शिव्या घालताना मी त्यांच्यासोबत बसून हसलेय."

बायकोचं अडलेलं त्याला कळत होतं, सोडवता मात्र येत नव्हतं. तिला त्या रात्री फार एकटं वाटलं. नोकरी गेली तर दुसरी मिळवायला ती राबली असती, पण रविवारचं ते स्टूल गेलं तर तसं दुसरं कुठे मिळणार होतं?

शनिवारी संध्याकाळी बस मैदानापर्यंत पोचली तेव्हा माणसं जमली होती. पिवळ्या शर्टांची रांग बाजूच्या फाटकातून आत घेऊन स्टेजसमोर उभी करण्यात आली. मागे दोरी बांधलेली, आणि दोरीपलीकडे लवकर येऊन उभे राहिलेले लोक. तिने टोपी कपाळावर ओढून घेतली होती आणि मान एकदाही वळवली नव्हती. तरी मास्तरांचा आवाज तिने ओळखलाच. तो अगदी जवळून, जवळजवळ पाठीला लागून आला.

"पहिली कशी नाही आली अजून?"

"येईल," नर्स म्हणाली. "बरं नसेल तिला. रविवारी चेहरा उतरला होता."

"आपल्या जागेवर ही कोण पिवळी पलटण आणून उभी केलीय बघा," रेडिओवाला म्हणाला.

कार्यक्रम सुरू झाला. नवे स्पीकर खरोखर चांगले होते, शब्दन्‌शब्द मैदानाच्या टोकापर्यंत जात होता. गायक थकलेला दिसत होता, पण गात होता जीव लावून. ड्रमवाल्याच्या कोपराला पट्टा होता. तिला त्यांचा राग आला नाही. कुणाचाच आला नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

मग 'पूल'चे पहिले सूर निघाले. जाहिरातवाल्याने हात वर केला, बोटांवर तीन मोजले. सगळी पिवळी रांग गर्रकन वळली आणि हसली. तीसुद्धा वळली.

समोर मास्तर होते. हाताची घडी, मिटलेले ओठ, नजर सरळ स्टेजवर. मग ती नजर खाली आली आणि तिच्यावर थांबली. मास्तरांनी आधी टोपी पाहिली, मग शर्टावरचं नाव, मग तिचे डोळे. नर्सचा हात तोंडावर गेला. रेडिओवाला दुसरीकडे बघायला लागला, आणि ते तिला सगळ्यांत जास्त लागलं.

तिच्या डाव्या-उजव्या हाताला बायका तोंडं हलवत होत्या, आवाज कुणाचाच नव्हता. बडबडीसुद्धा मुकी झाली होती. पिवळ्या शर्टांच्या त्या लांब भिंतीमागे गाणं अडल्यासारखं तिला वाटलं. खरं तर अडलं काहीच नव्हतं, स्पीकर सगळं पोचवत होते, तिच्या गाण्याची कुणालाच गरज नव्हती. तरी तिने तोंड उघडलं आणि ओळ उचलली.

"पलीकडे कुणी असेल तर दिवा लावून ठेवा..."

मास्तर ठरल्याप्रमाणे वळले नाहीत, त्यामुळे सबंध गाणंभर ते तिच्यासमोर उभे राहिले. तिने एकेक ओळ त्यांच्या तोंडावर गायली, गळ्याच्या शिरा ताणून, डोळ्यांतून पाणी येत असताना. त्यांनी एकही ओळ घेतली नाही, आणि मान खालीही घातली नाही. कॅमेरा तिच्यासमोरून हळूहळू पुढे सरकत गेला.

गाणं संपताच पलटणीला बसमध्ये बसवण्यात आलं. शर्ट आणि टोप्या एका खोक्यात परत घेतल्या.

पुढचे काही रविवार ती दुकानात गेली नाही. घरातले सगळे डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले. नवऱ्याने एकदाच विचारलं, "आज पण नाही?" आणि ती नाही म्हणाली. कंत्राट नवं झालं. जाहिरात लागली आणि कँटीनमध्ये हशा उसळला, जी ती स्वतःला शोधत होती. सुपरवायझरबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला कापलंय बरं का. सगळ्या कशा हसतायत. तुझं ते तोंड जाहिरातीला चालत नाही म्हणाले."

त्याच आठवड्यातल्या रविवारी ती उठली आणि दुकानाकडे निघाली. हाकलून द्यायचं तर त्यांनी देऊ दे, पण घरात बसून झुरण्यात काही अर्थ नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

तिला पाहून बोलणं थांबलं. दाराजवळच्या स्टुलावर कुणाचा तरी टेप ठेवलेला होता. रेडिओवाल्याने तो उचलून खाली ठेवला, पण बस म्हणाला नाही. ती बसली नाही.

"पुड्या बंद करते मी तिथे," ती म्हणाली. "लग्नाआधीपासून. बँड विकला गेला असं म्हणायचं असेल, तर मी त्याच्या कितीतरी आधी विकली गेलेय. एवढंच सांगायचं होतं."

"अगं, पण बोलायचंस ना," नर्स म्हणाली.

"कधी बोलणार? नोकरी दाराबाहेर ठेवायची होती."

मास्तरांची नजर काउंटरवर होती. तिथे दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी टीव्ही चालू होता आणि त्यावर नेमकी ती जाहिरात लागली. गिटारचे ओळखीचे सूर, पिवळी रांग गर्रकन वळते, चेहऱ्यामागून चेहरे, सगळे हसरे. मग साबणाचं खोकं.

"बंद कर रे ते," नर्स रेडिओवाल्याला म्हणाली.

"गिऱ्हाइकाचा सेट आहे. तासभर चालवून बघायला लागतो."

मास्तर मात्र टक लावून बघत होते. जाहिरात संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तू नाहीस यात," ते म्हणाले.

"कापलं मला. हसत नव्हते म्हणून."

"गात होतीस," मास्तरांनी दुरुस्ती केली.

नर्सने चहा ओतला आणि चौथा कप स्टुलाशेजारी आणून ठेवला. ती बसली. थोड्या वेळाने जाहिरात पुन्हा लागली. या वेळी तिने बोट पुढे केलं आणि सांगू लागली, ही आमची सुपरवायझर, मनाने चांगली आहे. ही बडबडी, शेजारच्या मशिनवर असते, नवरा आजारी असतो तिचा. ही कडेची पुढच्या वर्षी रिटायर होईल, तिला आता नीट दिसत नाही. चेहरे भराभर जात होते, तेवढ्यात जमेल तेवढं ती सांगत होती, आणि तिघंही पुढे वाकून बघत होते.

साबणाचं खोकं येऊन गेलं. मास्तरांनी खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवली.

"आणि कारखान्यात तू कुठे बसतेस?" त्यांनी विचारलं.