'अपडेट्स'मधली माझी जागा

चाचणी-यंत्राच्या पडद्यावर दाबाचे दोन आकडे दिसत. ब्रेकच्या नळीत हवा भरली की डावा आकडा चढे. उजवा शून्यावरच राही.

मित्रांनो, त्या शून्याचे कारण मी. मी एक जुने मॉड्यूल आहे, म्हणजे संगणकात बसवलेले दाब मोजणारे कार्ड कसे वाचायचे ते त्याला सांगणारा छोटा प्रोग्राम. कारखान्याचे जुने इंजिनिअर शांताराम सर यांनी मला राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून लिहिले. राजधानीजवळच्या मानेसरच्या त्या कारखान्यात मी वर्षानुवर्षे नळीच्या एका टोकाचा दाब वाचला. नवा इंजिनिअर आला की सर मला कौतुकाने दाखवत. म्हणत, "हे घरचं आहे, बाजारातलं नाही!"

संगणकाचा मुख्य कारभारी म्हणजे कर्नल. त्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी मॉड्यूलांचा वेगळा फोल्डर असतो. त्यात 'कर्नल' नावाचा एक कप्पा आणि 'अपडेट्स' नावाचा दुसरा. एकाच नावाची दोन मॉड्यूले असली, तर 'अपडेट्स'मधले आधी उचलले जाते. कर्नल बदलला की सर मला पुन्हा तयार करून याच मानाच्या जागी ठेवत.

मग दोन्ही टोकांचा दाब वाचणारे कार्ड आले. ते निवडले होते रेवतीने. राजधानीतल्याच द्वारका वस्तीतून कंपनीच्या बसने येणारी ही इंजिनिअर कमी बोलायची. तिने त्या कार्डासाठी माझ्याच नावाचे नवे मॉड्यूल लिहिले.

"सर, जुनं काढू का?" तिने अनेकदा विचारले.

"बघू गं. असू दे, ते काय खायला मागतंय?"

शेवटी तिने नवे मॉड्यूल 'कर्नल'च्या कप्प्यात ठेवले, मॉड्यूलांची यादी नव्याने बनवली आणि यंत्र सुरू केले. कारभाऱ्याने मलाच उचलले. मला तर नळीला दुसरे टोक असते हेच ठाऊक नव्हते.

चांगल्या नळ्या नापास होऊ लागल्या. सोमवारपर्यंत सुधारणा झाली नाही तर कार्ड परत जाणार, आणि चाचणीचे काम रेवतीकडून काढून घेणार, असे वरून कळवण्यात आले.

"यार रेवती, तुझं नवं मॉड्यूल एका डोळ्याने आंधळं निघालं की!" सर म्हणाले.

कारभारी नेमकी कुठली फाइल उचलतो, ते रेवतीने संगणकालाच विचारले. पडद्यावर 'अपडेट्स'मधला माझा पत्ता उमटला.

"सर, हे आंधळं तुमचं आहे."

मित्रांनो, जुन्याला जरूर जपा. पण नव्याच्या वाटेत बसवून जपू नका. एखाद्या सीडीवर माझी प्रत राहिली असती, तरी मला पुरे होते.

सरांनी तो पत्ता वाचला.

"मी लिहिलेलं, म्हणून हात धजत नव्हता गं," ते म्हणाले. "काढ त्याला. त्या जागी तुझं ठेव."