टांगतीतला चमचा

“दोरी म्हणायचंय त्यांना,” वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

टेबलाशी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, लिफ्टवाल्याच्या मित्राने, मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. समोर बसलेल्या लिफ्टवाल्याने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. इतक्या आठवड्यांनी हा बाबा एक शब्द बोलला होता, तो म्हणजे ‘चमचा’. आणि वहिनींनी तोही दुरुस्त करून टाकला.

मित्राने जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासली. परक्याची चुकलेली वेलांटीसुद्धा त्याला बघवत नसे. मेंदूला झटका आल्यापासून त्याचेच शब्द भलत्या जागी जाऊन बसू लागले. पेला मागायला जावं तर ‘जिना’ निघे. जो तो प्रेमानेच सुधारून देई. शेवटी लाजेने त्याने बोलणंच टाकलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बोलले नाहीत तर उरलंसुरलंही जाईल. म्हणून लिफ्टवाल्याने माळ्यावरून दोघांचा जुना खेळ, ‘टांगती’, काढला.

जादूगार आणि राक्षसांची खेळातली बडी जगं सगळ्यांना ठाऊक असतात. टांगतीला मात्र काळं कुत्रं विचारत नव्हतं. गुहेच्या छताला लोंबणारं शहर, खाली तळच नाही. तिथे लाटण्यालासुद्धा नाडी बांधतात, कारण निसटलेली वस्तू परत मिळत नाही. एकाने प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने आपला गडी काय करतो ते बोलायचं, मग फासा टाकायचा. तरुणपणी दोघांनी ते शहर गल्लीन्‌गल्ली पालथं घातलं होतं. नियम एकच कडक होता: टेबलावर बोललं ते झालं. जीभ घसरली तरी माघार नाही.

“वहिनी, इथे बोललं ते झालं,” लिफ्टवाला म्हणाला. “तर मग पूल तुटलाय, तू एका हाताने लोंबकळतोयस आणि पलीकडच्या खांबाकडे फेकलायस चमचा. टाक फासा.”

मित्राने डाव्या हाताने फासा टाकला. तीनच पडले. लिफ्टवाल्याला क्षणभर मोह झाला, पण दया दाखवली असती तर मित्राने ती लगेच ओळखली असती.

“चमचा खांबाला आपटला, नाडी तुटली आणि गेला खाली. कायमचा.”

मित्राची कानशिलं लाल झाली. त्याने टेबलावर मूठ आपटली.

“अजून... चमचा,” तो म्हणाला. “अजून!”

“किती चमचे घेऊन फिरतोस रे?”

“खूप!”

वहिनींना हसू आवरेना. पदराला हात पुसत त्या येऊन खुर्चीवर बसल्या. तिसऱ्या चमच्याची नाडी खांबाला अडकली आणि गडी पलीकडे पोचला.

“भाऊजी, मलाही घ्या की यात,” वहिनी म्हणाल्या. “खांबापाशी कुणीतरी उभं असेलच ना?”

“असेल. पण तिचं नाव त्याने सांगायचं.”

मित्र वहिनींकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात लाखदा घेतलेलं नाव त्याच्या ओठांवर येऊ पाहत होतं. लिफ्टवाल्याला वाटलं, आपण उगाच हट्ट केला.

“खिडकी,” मित्र म्हणाला.

चुकलं हे त्याचं त्यालाच कळलं. त्याचे डोळे भरून आले. वहिनींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि फासा हातात घेतला.

“हो,” त्या म्हणाल्या. “मी खिडकी. या इकडे, हात द्या.”